सोवळ्यातली टाकी

त्यांच्या तोंडून 'काही नाही' हे दोन शब्द निघावेत म्हणून रबाळ्याच्या एका शेडमध्ये आम्ही अकरा माणसं तीन-तीन महिने घाम गाळायचो. घाम गाळायचो हे आपलं बोलायची पद्धत म्हणून; प्रत्यक्षात तिथे घाम गाळायला सक्त मनाई होती. घामात मीठ असतं, तेल असतं, आणि त्यांच्या मते घाम येणारा माणूस एक तर घाईत असतो नाहीतर खोटं बोलत असतो. दोन्ही प्रकारची माणसं त्यांना चेंबरच्या आसपास नको असत.

ते आमचे डिझाइनचे मुख्य आणि मी त्यांच्या हाताखाली ड्रॉइंग काढणारा. त्यांचं नाव सांगत नाही. ते अजून नेरूळला राहतात, आणि हे त्यांच्या वाचनात आलं तर प्रत्येक वाक्याशेजारी 'मोजलं कोणी?' असं लाल पेनाने लिहून परत पाठवतील. शेडमध्ये त्यांना सगळे साहेब म्हणत. मालक निराळे, त्यांना शेठ म्हणत. शेठचा खरा धंदा शेजारच्या शेडमधल्या दुधाच्या टाक्यांचा. दुधाच्या टाकीत दूध राहतं, हे शेठना समजत असे. आमच्या टाकीत काहीच राहू नये म्हणून एवढी माणसं कशाला लागतात, हे त्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही. तरी पाहुणे आले की त्यांना घेऊन ते आधी आमच्याकडेच येत.

आम्ही बनवायचो ते असं. स्टीलचं एक चेंबर, पाण्याच्या मोठ्या पिंपाएवढं, बाजूंना जाड काचेच्या खिडक्या. आतली हवा पंपांनी काढून टाकायची, आणि काढली असं वाटल्यावर पुन्हा काढायची. मग आत धातूची एक चकचकीत चकती ठेवून तिच्यावर मोजके रेणू बसवायचे आणि खिडकीतून प्रकाश टाकायचा. प्रकाश पडल्यावर ते रेणू बसून राहतात, तुटतात की उडून जातात, ते शास्त्रज्ञांनी बघायचं. बघणं त्यांचं, चेंबर आमचं.

"पण हवा इतकी काढायची कशाला?" असं मी पहिल्या आठवड्यात विचारलं होतं.

"लग्नाच्या पंगतीत कधी बसलायत?" ते म्हणाले.

"बसलोय."

"तुम्ही हात धुवायला उठलात, तर तुमची खुर्ची किती वेळ रिकामी राहते?"

"राहतच नाही."

"हवेत ठेवलेल्या चकतीचं तसंच आहे. जागा झाली की कोणीतरी बसलंच. आपल्याला मंडप इतका ओस पाडायचा आहे, की पुसलेली खुर्ची दोन तास तशीच राहिली पाहिजे." एवढं बोलून त्यांनी माझ्या ड्रॉइंगवरचा चहाच्या कपाचा गोल डाग बघितला, आणि त्यानंतर मला दोन महिने टेबलावर चहा मिळाला नाही.

त्यांच्या सवयींबद्दल सांगायचं तर कुठून सुरुवात करावी कळत नाही. दार ते कोपराने उघडत, नळ कोपराने सोडत आणि कोपरानेच बंद करत. हस्तांदोलन कोणाशीही नाही, लांबूनच नमस्कार. त्यामुळे नवख्यांना ते फार संस्कारी वाटत. सीवूड्सच्या मॉलमध्ये सरकत्या जिन्याच्या पट्ट्याला हात न लावता, दोन्ही हात वर धरून उभे असलेले त्यांना मी एकदा पाहिले. पोलिसांना शरण आल्यासारखे ते हळूहळू वर चालले होते. पाठीमागे काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, दुसरीकडे बघत उभ्या होत्या.

त्यांची पोकळीची आवड कारखान्यात ठेवून येण्यासारखी नव्हती. त्यांच्या सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीचं झाकण नीट बसत नाही अशी तक्रार आली, तेव्हा दुरुस्तीचं काम त्यांनी आपण होऊन अंगावर घेतलं. झाकणाला चोवीस बोल्ट, खाली रबराची रिंग, आणि बोल्ट समोरासमोरच्या जोडीने, तीन फेऱ्यांत आवळायचे अशी लेखी सूचना. पुढच्या महिन्यात टाकी धुवायला आलेल्या माणसाला ते झाकण काही उघडेना. पण खरी गंमत वेगळीच झाली. टाकीत हवा जायलाच वाट राहिली नव्हती, त्यामुळे खाली नळ सोडले की वरून पाणी उतरेना. चार मजले दोन दिवस बादल्या घेऊन फिरले. सेक्रेटरी भांडायला आले, तर हे आनंदाने म्हणाले, "म्हणजे गळत नाही ना कुठून?"

काकू हसून सांगत, "आमच्याकडे फर्निचर का नाही विचारताय? ह्यांना मोकळं आवडतं." त्या वर्षानुवर्षं रोज सकाळी साहेबांच्या डोक्याला माक्याचं तेल चोळत. स्वतः लोखंडी कढईत उकळलेलं, काळंभोर. साहेबांच्या डोक्यावर केस म्हणून जे काही होते ते कानांच्या वर होते. मधला सगळा भाग गुळगुळीत. पण काकूंचा मूळ स्वभाव आशावादी होता. मी एकदा सकाळी ड्रॉइंगवर सही घ्यायला घरी गेलो, तेव्हा साहेब स्टुलावर मान खाली घालून बसले होते आणि काकू त्यांच्या टकलावर थापट्या मारत तेल जिरवत होत्या. "डोकं थंड राहतं," ते खालूनच म्हणाले. हे तेल लक्षात ठेवा. माझ्या ते लक्षात होतं, आणि तीच माझी अडचण झाली.

शेडमध्ये एक पिवळा पट्टा होता. पट्ट्याच्या आत चेंबरची जोडणी. आत जायचं तर चपला बाहेर, अंगावर पांढरा कोट, हातात मोजे आणि डोक्याला जाळीची टोपी. अंगठी, गंडा, कानातलं सगळं बाहेरच्या डब्यात. माझ्या आजीच्या सोवळ्यात एवढी कलमं नव्हती. हे मी एकदा बोलून दाखवलं तेव्हा साहेब चांगलेच भडकले.

"सोवळं म्हणजे अंधश्रद्धा. इथे प्रत्येक नियमामागे कारण आहे. टोपी कशासाठी? केस गळतात म्हणून. मला केस नाहीत, म्हणून मी टोपी घालत नाही. ह्याला विज्ञान म्हणतात."

हे खरंच होतं. पट्ट्याच्या आत उघड्या डोक्याने वावरणारे ते एकटेच.

शेजारी फरसाणाचा कारखाना होता. दुपारी तिकडे घाणा लागला की वाऱ्याबरोबर वास यायचा. साहेबांनी महिनाभर वाऱ्याची दिशा टिपून ठेवली आणि तक्ता घेऊन फरसाणवाल्याकडे गेले. तळण सकाळी दहाच्या आत उरकावं अशी त्यांची मागणी होती. फरसाणवाल्याने तक्ता उलटसुलट बघितला, "साहेब, तुमी टेस्ट तर करून बगा," म्हणाला आणि गाठी-शेवेचा पुडा हातात दिला. साहेबांनी तो पट्ट्यापासून तीस फुटांवर, गेटबाहेर उभं राहून, चमच्याने खाल्ला. तक्त्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

जेवणाच्या खोलीत मात्र त्यांचं राज्य चाले. तिथे दोन बेसिनं होती. एकावर साहेबांनी स्वतः पाटी लावली होती, 'सामान्य'. दुसऱ्यावर 'मासळी'. मासळी खाणाऱ्यांनी दुसऱ्यावरच हात धुवायचे, दोन वेळा साबण लावून, आणि जेवायलाही कोपऱ्यातल्या टेबलावर बसायचं. कारण विचारलं तर ते फळ्यावर रेणूंची साखळी काढून दाखवत: माशाचं तेल बोटांच्या रेषांत बसतं, मोजे चढवताना मोज्याला लागतं, मोज्यावरून स्टीलला. कोणालाही त्यात चूक काढता येत नसे. वरणभातावरच्या तुपाची साखळी मात्र त्यांनी कधी काढली नाही, आणि आम्ही सामान्य बेसिनवाल्यांनी ती काढा असं सुचवलंही नाही.

मासळीच्या टेबलावर मुख्य माणूस भारतीताई. दिवाळे गावातल्या कोळ्यांची मुलगी, तिथलीच सून. आई अजून बाजारात पाटी घेऊन बसायची. भारतीताई आयटीआयमधून वेल्डिंग शिकल्या आणि आधी दुधाच्या टाक्यांवर होत्या. साहेबांनी त्यांचा एक जोड भिंगातून पाहिला आणि त्याच दिवशी शेठशी भांडून त्यांना आमच्याकडे आणलं. आमच्या चेंबरचे जोड आतून मारावे लागतात, एका दमात, कुठे फट न राहता. नंतर बाहेरून त्या जोडांवर हेलियमचा फवारा मारतात. केसाहून बारीक फट असली तरी तो वायू आत शिरतो आणि यंत्र बोंब मारतं. भारतीताईंच्या जोडावर ते यंत्र कधी चकार शब्द बोललं नाही. साहेब आकडा बघायचे आणि म्हणायचे, "काही नाही." त्यांच्याकडचं हे सर्वांत मोठं कौतुक. मला सात वर्षांत ते दोनदा मिळालं. भारतीताईंना प्रत्येक चेंबरमागे मिळायचं, आणि त्या दिवशी त्या कोपऱ्यातल्या टेबलावर जरा ताठ बसायच्या.

झाकण बसवण्याआधी साहेबांचा एक विधी होता. सगळे भाग धुऊन, पुसून झालेले. प्रत्येक भागावर अंधारात निळ्या-जांभळ्या किरणांची बॅटरी मारून झालेली. तेलाचा डाग असेल तर तो त्या उजेडात चमकतो, हा साहेबांनीच घातलेला नियम. सगळी जोडणी झाली की शेवटी साहेब पुढे व्हायचे, वाकायचे, आणि बाजूच्या मोठ्या तोंडातून डोकं चेंबरच्या आत घालायचे. श्वास रोखून, डोळे मिटून दोन मिनिटं तसेच. काय करतात हे कोणी विचारलं नाही. बाहेर येऊन ते म्हणायचे, "लावा." मग झाकण लागायचं. त्यानंतर बॅटरी नाही, काही नाही. हा सगळा क्रम एका तक्त्यावर लिहून भिंतीवर लावलेला होता. तो तक्ता मी काढला होता.

आणि मग एका विद्यापीठातल्या प्राध्यापक बाईंचं चेंबर आलं.

ते आमचं आजवरचं सर्वांत अवघड काम. आतली जागा कमी, खिडक्या जास्त, आणि साहेबांच्या डिझाइनप्रमाणे वरची बाजू खाली उतरवलेली, कारण दिवा तिथून बसवायचा होता. बाईंची अट एकच: आत तेलाचा अंशही नको. त्यांना चकतीवर बसलेल्या रेणूंवर प्रकाशाचा परिणाम बघायचा होता. तिथे आधीच तेलाचे रेणू पाय पसरून बसलेले असले तर वर्षभराचं काम मातीत. महिनाअखेरीस त्या स्वतः तपासायला येणार होत्या.

चेंबर बंद केलं, गरम पट्ट्या गुंडाळून दोन दिवस शेकलं, थंड केलं. हेलियम मारला, गळती नाही. मग आत उरलेल्या वायूंची हजेरी घेणारं यंत्र लावलं. पडद्यावर पाण्याचा उंचवटा होता, तो असतोच. पण पुढे, रेणूंच्या वजनाच्या पट्टीवर, एकेचाळीस, त्रेचाळीस, पंचावन्न, सत्तावन्न अशी ओळीने टेकाडं उभी. तेल.

साहेब पडद्याजवळ गेले, मागे आले, पुन्हा जवळ गेले. मग सगळ्यांसमोर म्हणाले, "सोमवारी कोणी बांगडा खाल्ला होता?"

कोपऱ्यातल्या टेबलावर तिघं बसत, पण चेंबरच्या आत हात जाणाऱ्या एकट्या भारतीताई.

"मी खाल्लेला," त्या म्हणाल्या. "पन साहेब, ह्या मशीनला बांगडा कसा कलतो? तेल कलत आसल. बांगडाच हाय ते कुटं लिवलंय?"

"अनुभवाने कळतं," साहेब म्हणाले.

सात वर्षांत त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच असं वाक्य ऐकलं, की ज्याच्याशेजारी त्यांनीच लाल पेनाने 'मोजलं कोणी?' लिहिलं असतं.

चेंबर उघडलं, धुतलं, पुन्हा सगळी तयारी केली. भारतीताईंनी त्या आठवड्यात मासळी सोडली. कोणी सांगितलं नव्हतं, त्यांनीच. कोळ्याच्या घरात आठ दिवस डाळभात खाणारी सून म्हणजे चर्चेचा विषय. "सासू इचारते, आजारी हाय का नवस केलास?" त्या मला हसत सांगत होत्या. "मी बोलले, साहेबांचा नवस हाय." डब्यात भेंडी आणायच्या आणि तरीही कोपऱ्यातल्याच टेबलावर बसून खायच्या. हात मासळीच्याच बेसिनवर धुवायच्या, दोनदा साबण लावून. माझ्या मते साहेबांना हे सगळं दिसत होतं. त्यांना नियम पाळलेले आवडत.

सगळं जुळलं. साहेबांनी डोकं आत घातलं, दोन मिनिटांनी काढलं, "लावा" म्हणाले. दोन दिवस शेकलं. हजेरी घेतली. एकेचाळीस, त्रेचाळीस, पंचावन्न, सत्तावन्न.

बाई यायला नऊ दिवस उरले होते. शेठ आले. त्यांनी पडद्याकडे बघितलंही नाही, सरळ विचारलं, "कोणामुळे होतंय?" आणि साहेबांनी उत्तर दिलं. ते अजून माझ्या कानात आहे. "मासळी आठ दिवसांत जात नसते. लहानपणापासून मुरलेलं असतं ते. कातडीत."

शेठ म्हणाले, "मग तिला परत दुधाच्या टाक्यांवर टाका. सोमवारपासून." आणि गेले.

भारतीताई पिवळ्या पट्ट्याबाहेर उभ्या होत्या. त्यांनी टोपी काढली, घडी घातली.

"म्हंजे माजा हात नाय, माजी कातडीच नको हाय तुमाला," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही.

"तसं नाही, भारतीबाई. हे विज्ञान आहे. व्यक्तिगत काही नाही," साहेब म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखर वाईट वाटल्याचं दिसत होतं, आणि म्हणूनच ते जास्त भयंकर होतं.

आता माझं सांगतो. त्या क्षणी मला सगळं कळलं होतं. भिंतीवरचा तक्ता माझ्या समोर होता: आधी बॅटरी, मग साहेबांचं डोकं, मग झाकण. ह्या चेंबरची वरची बाजू खाली उतरवलेली. आणि स्टुलावर बसलेले साहेब आणि काकूंच्या थापट्या मला लख्ख आठवत होत्या. एक वाक्य बोलायचं होतं. मी माझ्या बुटांकडे बघत राहिलो. मला वाटलं, कोणीतरी बोलेल. मला वाटलं, साहेब माणूस मोठा, सगळ्यांदेखत कसं सांगायचं. खरं म्हणजे मी भ्यायलो. त्या गोष्टीची मला आजही लाज वाटते.

बोलल्या त्या भारतीताईच. "साहेब, जायच्या आधी एक करा. डबा खोला नि बॅटरी मारा. माज्या जोडावर मारा, माजा हात लागला तितं तितं मारा. निलं दिसलं तर सोमवारची कशाला वाट बगायची, मी आताच जाते दुधाकडं."

"झाकण लावल्यावर उघडून बॅटरी मारायची पद्धत नाही," साहेब म्हणाले.

"पद्धत तुमीच घातलीय ना?"

साहेबांच्या चांगल्या गुणांपैकी एक असा की कोणी तपासणी मागितली तर त्यांना नाही म्हणता येत नसे. झाकण काढलं, शटर खाली ओढलं, दिवे बंद केले. भर दुपारी शेडमध्ये काळोख झाला. साहेबांनी स्वतः बॅटरी हातात घेतली. पहिला जोड: काळा. दुसरा: काळा. खालचे, बाजूचे, खिडक्यांभोवतीचे, सगळे बावीस जोड त्यांनी एकेक करून बघितले, आणि दर जोडाला, सवयीने, म्हणत गेले, "काही नाही. काही नाही."

"आता वर मारा," भारतीताई म्हणाल्या.

"वर कोणी हात लावत नाही."

"हात नाय लावत."

तेव्हा मला कळलं की त्यांनाही माहीत होतं. केव्हापासून, ते मी कधीच विचारलं नाही.

साहेबांनी बॅटरी वर फिरवली. चेंबरच्या छताला एक गोल डाग चमकत होता, निळसर, बशीएवढा. कडेला पुसट दोन-तीन केसांच्या रेघा.

साहेब बराच वेळ वर बघत राहिले. मग त्यांनी खिशातली टेप काढली, आणि अंतर राखून, स्टीलला न लावता, डाग मोजला. "एकशे दहा मिलिमीटर," ते म्हणाले. मग मोजा काढला, उजवा हात स्वतःच्या डोक्यावरून सावकाश फिरवला आणि बॅटरीसमोर धरला. पाचही बोटं निळी झाली होती.

दिवे लागले तेव्हा ते तसेच हात पुढे धरून उभे होते. मला पहिल्यांदाच ते म्हातारे वाटले.

"वही आणा," ते मला म्हणाले. चेंबरच्या वहीत 'दोषाचे मूळ' असा एक रकाना असतो. एरवी तिथे 'रिंग सैल', 'पंप जुना' असं काही लिहिलेलं असे. त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'माझे डोके. तेल माक्याचे. दोन्ही वेळा.' खाली सही केली. मग पुढे लिहिलं: 'भारती कोळी यांच्या जोडांत व हातांत दोष नाही. मी न मोजता बोललो.' साक्षीदार म्हणून मला सही करायला लावली. मी सही केली, आणि माझ्या मते त्या पानावर सगळ्यात खोटी सही माझीच आहे.

मग ते शेठकडे गेले. दारातूनच आवाज आला, "दुधाच्या टाक्यांवर मला टाका. डोकं माझं आहे." शेठना ह्यातलं काही समजलं नाही, त्यामुळे त्यांनी कोणालाच कुठे टाकलं नाही.

क्षमा मागायची साहेबांना सवय नव्हती; त्याचं कुठलं प्रमाण त्यांना ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते भारतीताईंजवळ जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ते आठ दिवस."

"काय आठ दिवस?"

"मासळीचे. ते भरून कसे द्यायचे?"

"राहू द्या ओ, साहेब," भारतीताई म्हणाल्या. "घरी सासूचा जीव मात्र टांगनीला लागलेला." मग जरा थांबून म्हणाल्या, "पन कातडीचं बोललात ते नाय भरून येत. ते राहनार."

साहेबांनी मान डोलावली. युक्तिवाद केला नाही, फळ्याकडे गेले नाहीत.

पुढे हजेरीचं यंत्र सपाट रेघ दाखवू लागलं, बाई आल्या, खूश होऊन चेंबर घेऊन गेल्या, हे ओघाने आलंच. काकूंचं तेल बंद झालं नाही. काकूंपुढे विज्ञान चालत नसे. साहेबांनी फक्त भिंतीवरच्या तक्त्यात माझ्याकडून बदल करून घेतला: शेवटच्या तपासणीला साहेबांनी पट्ट्याबाहेर उभं राहायचं. आता ते निवृत्त आहेत, भारतीताई त्या शेडच्या मुख्य आहेत, आणि मी ठाण्याच्या बाजूला एका कारखान्यात साध्या, निर्धोक टाक्यांची ड्रॉइंग काढतो.

पण साहेब आठवले की मला बाईंच्या चेंबरचं झाकण तिसऱ्यांदा लागायच्या आधीची दुपार आठवते. बॅटरी मारून झाली होती. सवयीने साहेब एक पाऊल पुढे आले, पिवळ्या पट्ट्याशी थबकले, आणि हात पाठीमागे बांधून उभे राहिले.

"भारतीबाई, तुम्ही बघा," ते म्हणाले.

भारतीताईंनी टोपी नीट केली, श्वास रोखला आणि डोकं आत घातलं. कुठे न टेकवता. साहेब पट्ट्याच्या कडेला चवड्यांवर उभे, मान लांब करून, परीक्षेच्या निकालाला आलेल्या बापासारखे. दोन मिनिटं गेली. त्यांना राहवेना.

"काय दिसतंय?"

भारतीताई सावकाश बाहेर आल्या.

"काय नाय, साहेब."

साहेबांनी डोळे मिटले. एवढी वर्षं ते वाक्य त्यांनी दुसऱ्यांना दिलं होतं. त्यांना ते कोणी दिलेलं मी तेव्हाच पाहिलं. "लावा," ते म्हणाले. मग जेवणाची वेळ झाली म्हणून ते आत गेले. सामान्य बेसिन मोकळं होतं. ते त्याच्यापुढून गेले, 'मासळी' लिहिलेल्या पाटीखाली उभे राहिले, बाह्या वर केल्या आणि दोन वेळा साबण लावून हात धुतले.

नळ मात्र कोपरानेच बंद केला.